बावीस आठच्या आत

दगड ४१

पंचशीला नांदेडहून सुट्टीला आली तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारच्या धोंडाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "तुझी माय सरकारी कामावर हाय. एकोणिसाच्या दगडापाशी."

"मग सांजच्याला येईल की."

"न्हाई येत. सनवारपतुर तिकडंच ऱ्हाती. तीन आठवडे झाले. बारदानाचं पाल टाकून."

दगड म्हणजे रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड. पूर्वी ते उदगीरकडून मोजलेले होते. लातूर जिल्हा झाला, त्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. बांधकामवाल्यांनी त्याच दगडांना पांढरा हात मारून नवे काळे आकडे लातूरकडून घातले होते. धामणवाडी चोविसाव्या दगडावर होती, ती एका दुपारीत एक्केचाळिसाव्यावर गेली. घरं होती तिथंच होती.

एक्केचाळीस उणे एकोणीस, बावीस. हजेरी सकाळी सातला, पहिली बस नऊला. पायी बावीस किलोमीटर जाऊन कुणी सातला पोचत नाही. म्हणून पाल.

पंचशीलानं पिशवी धोंडाबाईंकडे ठेवली आणि लातूरकडे जाणारी बस धरली.


दगड १९

माळावर दीडशे बाया खडी फोडत होत्या. आवाज असा की प्रत्येक हातोडा दुसऱ्याच्या थोडा आधी किंवा थोडा नंतर, एकदम कधीच नाही. आई सापडायला वेळ लागला. सरजाबाईनं तोंडाला पदर बांधला होता.

"आलीस व्हय? जेवलीस का?"

"माय, तू हितं झोपतीस?"

"झोप कुठली. पडते. इंचू लई हायती."

"गावाजवळ काम मागायचं न्हाई का?"

"मागितलं की. सदतीस बायांचे अंगठे हायत कागदावर. कागद वापस आला. इचार त्या व्यंकटीला, त्यानंच वाचून दाखवला."

व्यंकटी म्हणजे मुकादम. तो बाभळीच्या अर्ध्या सावलीत हजेरीचं पुस्तक घेऊन बसला होता. त्याला तो कागद पाठ झाला होता. "सदर गावास आठ किलोमीटरचे आत काम चालू आहे. सबब नवीन काम देता येत नाही."

"कोणतं काम चालू आहे?"

"हेच."

"हे तर बावीसवर आहे."

"आठच्या आत हाय."

"बावीस आठच्या आत कसे?"

"मला काय इचारून राहिली? नांदेडला हिसाब शिकाया तू गेलीस का मी?"

बाया हसल्या. सरजाबाई हसली नाही. तिनं हातातला दगड फिरवून बसका भाग वर केला. "आज शुक्रवार हाय. साडेचारच्या जीपनं कामांची यादी जिल्ह्याला जाती म्हनं. एकदा गेली की पाऊस पडंपतुर आमी हितंच. कचेरीत जाऊन बघ जमलं तर. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे, भांडू नको कुनाशी."


दगड २० ते २७, बसच्या खिडकीतून

२०. बावीस आठपेक्षा कमी. कुणी मुद्दाम केलं म्हणावं, तर त्यानं बाविसाचा आकडाच बदलला असता. आकडा कुणी बदललेला नाही.

२१. म्हणजे कुणाला तरी हे खरंच कमी वाटलं.

२२. हा दगड बाविसाचा. तो तिच्याकडे बघत गेला.

२३. कोस!

२४. एक कोस म्हणजे तीन किलोमीटर आणि थोडं वर. बावीस किलोमीटर म्हणजे सात कोस. सात आठच्या आत. कचेरीतला कुणी तरी म्हातारा अजून कोसात मोजत असणार. तिचे आजोबाही मोजायचे, एका विडीला इतकं, दोन विड्यांना इतकं.

२५. कारण सापडलं की राग थंड होतो. तिला तो एवढ्यात थंड व्हायला नको होता.

२६ दिसलाच नाही.

२७. फाटा. इथं उतरून आत कचेरी.


रस्त्यावर नसलेली जागा

कारकुनाचं नाव भीमाशंकर. कपाळाला विभूती, शाईनं निळं झालेलं बोट, वय पन्नाशीच्या आसपास. घड्याळात अडीच वाजले होते. यादी टेबलावर सहीची वाट बघत होती.

"भाऊसाहेब, तुम्ही कोसात मोजलंय," पंचशीला म्हणाली. "नियम किलोमीटरचा आहे."

भीमाशंकरनं चष्मा काढला. "कोस निजामाबरोबर गेले, बाई. कुठल्या गावच्या तुम्ही?"

"धामणवाडी."

त्यानं वही उघडली. मोठी, उभ्या लाल रेघांची. रकाने: गाव, गावाचा दगड, कामाचा दगड, अंतर, शेरा. धामणवाडीच्या ओळीत एक्केचाळीस, एकोणीस, आणि मग

| −२२ |

आणि मग 'आहे'.

पंचशीलानं त्या आकड्यावर बोट ठेवलं. तिचे कोस मेले होते.

"हे उणे बावीस कसलं?"

"कामाच्या दगडातून गावाचा दगड वजा करायचा. उत्तर आठ किंवा आठाहून कमी आलं की 'आहे' लिहायचं, जास्त आलं की 'नाही'. शेषेरावांची रीत आहे. माझ्या आधी ते इथं होते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी दीडशे गावं अशी बसवली, एक चुकलं नाही." मग जरा पुढं वाकून, "तुम्ही शिकलेल्या दिसता. उणे बावीस आठाहून लहान का मोठे?"

उत्तर एकच होतं. ते द्यायला तिला जड गेलं. "लहान."

"मग?"

वजाबाकी बरोबर, तुलना बरोबर, रीत जुनी, आणि आई विंचवांत. पंचशीला समोरच्या बाकावर बसली. कोण चुकलं हे तिला आता विचारावंसं वाटेना. काय चुकलं, एवढंच.

"भाऊसाहेब, एक सांगा. धामणवाडीहून काम किती लांब?"

"उणे बावीस."

"आणि कामाहून धामणवाडी?"

त्यानं कागदाच्या कडेला उलटी वजाबाकी केली. "अधिक बावीस."

"म्हणजे बाया जाऊन येऊन चालल्या किती?"

"उणे बावीस, अधिक बावीस..." तो थांबला. "शून्य?"

"बसल्या जागी."

भीमाशंकरनं टोपण लावून पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. "थांबा. शेषेरावांना हे कसं आडवं आलं नाही?"

दोघांनी जुनी वही काढली. वरची धूळ त्यानं टोपीनं झाडली. बहात्तरची ओळ: धामणवाडी, गावाचा दगड चोवीस, कामाचा दगड तीस, अंतर सहा, आहे. खालची गावंही तशीच. कुठंही उणे नाही. पंचशीलाचं बोट रकान्यावरून सरकत गेलं आणि मध्येच थांबलं.

"तेव्हा दगड उदगीरकडून होते."

"होते."

"आणि खडीचे माळ लातूरच्या अंगाला. म्हणून कामाचा आकडा कायम मोठा, गावाचा लहान."

"आणि आता दगड लातूरकडून," भीमाशंकर सावकाश म्हणाला. "माळ तिथंच, आकडे उलटे." त्याचा चेहरा वहीतली पुढची पानं आठवत असल्यासारखा झाला. "बाई, या यादीत उण्याची अकरा गावं आहेत."

बाहेर ड्रायव्हर जीपच्या रेडिएटरमध्ये तांब्यानं पाणी घालत होता. ते पाणी कुठून आणलं म्हणून शिपाई त्याच्याशी वाद घालत होता. तीन वाजून दहा.

"उणे खोडून टाकतो," भीमाशंकर म्हणाला. "सरळ आहे."

"सरळच आहे. आम्ही त्यासाठी आकड्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा काढतो. केवल मूल्य म्हणतात. आत उणे असो की अधिक, बाहेर नुसतं अंतर येतं."

भीमाशंकरनं वहीकडे पाहिलं. उणे बावीसच्या डावीकडे रकान्याची लाल रेघ होती. उजवीकडेही होती. तो पोट हलवून हसला. "रेघा तर छापूनच आल्यात. आम्ही नुसता त्यांच्या मधे आकडा भरत होतो. आणि हे शिकायला नांदेडला जावं लागतं?"

"एवढ्यासाठी नाही. आकडा समोर असला की उणे खोडता येतं. आता मला सांगा, धामणवाडीला काम कोणत्या दगडावर काढता येईल?"

"म्हणजे दगड माहीत नाही?"

"नाही. तोच काढायचाय. कोरा आहे. खोडणार काय?"

मग त्यानं पाठकोरा कागद तिच्याकडे सरकवला आणि पेन स्वतःच्याच हातात ठेवलं. "सांगा. मी लिहितो."

प्रसंग पहिला. काम गावाच्या पलीकडे, उदगीरच्या अंगाला. दगडाचा आकडा मोठा. त्यातून एक्केचाळीस वजा, उत्तर आठ किंवा कमी. म्हणजे दगड जास्तीत जास्त एकोणपन्नास.

"हे आमचंच झालं."

प्रसंग दुसरा. काम गावाच्या अलीकडे, लातूरच्या अंगाला. आता गावाचा आकडा मोठा. एक्केचाळिसातून दगड वजा, उत्तर आठ किंवा कमी. म्हणजे दगड कमीत कमी तेहतीस.

"तेहतीस ते एकोणपन्नास," भीमाशंकर म्हणाला. "आम्ही वरचं टोक बांधलं, खालचं सोडून दिलं. थेट लातूरपर्यंत."

"लातूरच्या मागंही. उणे शंभरावर काम काढलं असतं तरी तुम्ही 'आहे' लिहिलं असतं."

"टोचून बोलू नका, चहा सांगितलाय."

चहा आला, बिनदुधाचा. त्यानं दुसरा अडसर सांगितला. पन्नास मजूर असल्याशिवाय नवं काम मंजूर होत नाही. धामणवाडीच्या सदतीस. पुढं त्रेपन्नाव्या दगडावर तोगरवाडी, तिथल्या एकवीस जणींचा अर्ज असाच परत गेलेला. दोन्ही गावांना मिळून एकच काम, आणि ते दोघांच्याही आठच्या आत.

पंचशीलानं सांगायच्या आधीच तो लिहू लागला. तोगरवाडी: अलीकडे पंचेचाळीस, पलीकडे एकसष्ट. धामणवाडी: तेहतीस, एकोणपन्नास. त्यानं दोन आडव्या रेघा एकीखाली एक ओढल्या, आकडे मांडले आणि जिथं एकीवर दुसरी आली तिथं शाई घासून जाड केलं. पंचेचाळीस ते एकोणपन्नास.

"अरे वा," तो स्वतःलाच म्हणाला.

मग मंजुरीला तयार असलेल्या कामांची यादी आली. या भागात दोनच. चव्वेचाळीसला पाझर तलाव. अठ्ठेचाळीसला नाला बांध.

चव्वेचाळीस. गावापासून तीन किलोमीटर. त्या तलावाची जागा पंचशीलाला माहीत होती, लहानपणी तिथं ती शेळ्या घेऊन जायची. तिथून घरच्या निंबाचा शेंडा दिसतो. आईचा गुडघा तीन किलोमीटर चालू शकतो, हे ती खात्रीनं सांगू शकत होती. सात किलोमीटर चालू शकतो का, हे तिला माहीत नव्हतं.

भीमाशंकरनं तिच्याकडे पाहिलं. "तलाव टाकू? तुमच्या गावाला बरं."

"तोगरवाडीहून नऊ होतात."

"एकानं काय होतंय? आठ लिहितो. कोण मोजायला येतंय?"

तीन चाळीस. जीपचं तोंड कचेरीकडे वळलं होतं.

तोगरवाडीत तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तिकडच्या एकवीस जणींपैकी एकीचाही चेहरा तिला डोळ्यांसमोर आणता येत नव्हता, आणि तरी त्यांच्यातली एक वयानं आईएवढी असणार, हे गणितासारखं नक्की होतं. उद्या त्या बाईची पोर कचेरीत येऊन विचारेल, नऊ आठच्या आत कसे. तेव्हा वहीत उणेसुद्धा सापडणार नाही.

"नऊ म्हणजे नऊच, भाऊसाहेब. अठ्ठेचाळीस लिहा. आम्हाला सात, त्यांना पाच."

त्यानं लिहिलं. मग बाकीची नऊ उणी एकेक करून काढली. प्रत्येक खाडाखोडीजवळ आद्याक्षरी करून तो साहेबांच्या खोलीत गेला. आत आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. "आजवर कसं चाललं?" असं एक वाक्य दारातून बाहेर आलं. भीमाशंकर बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते आणि यादीवर सही होती.

जीप चार चाळीसला निघाली. दहा मिनिटं उशिरा.


दगड ४१ पासून पुढे

अकराव्या दिवशी नाला बांधावरचं काम सुरू झालं. सरजाबाई पाल गुंडाळून घरी आली. दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता सदतीस बाया रस्त्याला लागल्या. पंचशीलाही गुडघा किती चालतो ते बघायला आईबरोबर निघाली.

बेचाळिसाव्या दगडापर्यंत गुडघा चालला. त्रेचाळिसाव्यापाशी सूर्य वर आला, नेमका रस्त्याच्या शेंड्यावर. सगळ्या बायांनी पदर डोळ्यांवर ओढले.

"हे बघ आता," सरजाबाई म्हणाली. "एकोणिसाला जाताना ऊन पाठीवर असायचं. सनवारी घरी येताना बी पाठीवर. आता सकाळी तोंडावर, सांजंला वापस येताना बी तोंडावर."

"अंतर तर कमी झालं ना, माय."

"त्ये झालं. कोन न्हाई म्हनतंय." तिनं पदर आणखी खाली ओढला. मग, "त्या दोन रेघांत अंतर ऱ्हातं, दिशा टाकून द्यायची, आसंच सांगितलंस ना रातच्याला?"

"हाव."

"टाकायची म्हंजे कुठं टाकायची? माझ्या तोंडावर?"

मागच्या दोघी फिसकन हसल्या. पुस्तकात असं कुणी विचारलंच नव्हतं. पंचशीला दोन पावलं पुढं झाली आणि आईच्या बरोबर समोर चालू लागली, म्हणजे तिची लांब सावली मागं आईच्या तोंडावर पडावी.

"सरक बाजूला," सरजाबाई म्हणाली. "वाट दिसंना."