साठवणपेटी आणि जाजांचे बावीस तुकडे

मित्रांनो, मी एक जुनी साठवणपेटी आहे. फार थकले आहे, तेव्हा हळूहळूच सांगते.

मुकोनो शहरातल्या एका घरात फ्रिजवर माझी जागा होती. पोटात फिरती डिस्क, अंगावर दोन हिरवे दिवे. घरातले सगळे फोन आपले फोटो माझ्या हवाली करायचे. मला आणलं नबुकेन्याने, त्या घरच्या थोरल्या मुलीने. ती शाळेत भूगोल शिकवते. "आता आपलं काही हरवायचं नाही," असं ती येईल त्याला सांगायची. मीही भाबडी, ते खरं मानून बसले.

माझ्याजवळ सगळ्यात मोलाचं होतं ते जाजांचं बोलणं. जाजा म्हणजे तिचे आजोबा. अंगणात चटईवर बसून त्यांनी अख्खं घराणं सांगितलं: कोण कुणाचा, कुणाला कुठे पुरलं, कुणाचं नाव का ठेवलं. नबुकेन्याने ते कॅमेऱ्यात धरलं. कॅमेरा दर अर्ध्या तासाला नवा तुकडा सुरू करी, तसे बावीस तुकडे झाले. पुढच्याच वर्षी जाजा गेले.

मग माझं कौतुक सरलं. अंगावर धूळ बसली, डोक्यावर केळीचे घड येऊन पडले, मी तापू लागले. एके दिवशी पोटात टकटक सुरू झाली, डिस्क मरायला टेकल्याची खूण. नबुकेन्याने कान लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"सगळं इंटरनेटवरून परदेशातल्या भाड्याच्या साठवणीत पाठवते," ती भावाला, सेकाबिराला म्हणाली. "जाजा आधी."

"किती वेळ लागेल?"

"नऊ दिवस दाखवतंय."

"नऊ दिवसांत मी डोक्यावर घेऊन चालत पोचवलं असतं."

खरं सांगते, मी कमी पडत नव्हते. मी भराभर द्यायला तयार होते, पण घराबाहेर जाणारी वाटच चिंचोळी. हंडाभर पाणी बारीक नळीने काढावं तसं चाललं होतं. जीव नुसता कंटाळून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आठवा तुकडा पोचला, आणि दारात सेंगा आल्या. सेंगा म्हणजे वडिलांची बहीण, जाजांची लेक. भाच्यांना संसार शिकवणारी आत्या ती. तिला नाही म्हणायची त्या घरात रीत नाही. नबुकेन्याने गुडघे टेकून स्वागत केलं. मटोके, म्हणजे शिजवलेली हिरवी केळी, खाऊन झाली, शेजारणी जमल्या, तशा सेंगा म्हणाल्या, "पोरी, तुझ्या मागणीच्या समारंभाची फिल्म लाव. मी कशी मिरवत होते ते या बायकांना बघू दे."

फिल्मही माझ्याच पोटात होती. ती अडखळू लागली.

"हे काय, माझ्या तोंडाचे तुकडे करतेस होय?"

"सेंगा, मागे एक काम चालू आहे."

"मग काम कर बाई. मी निघते."

नबुकेन्याने मुकाट्याने पाठवणं थांबवलं. दोनच तास, असं ती भावाला म्हणाली. पण सेंगा चार दिवस राहिल्या. रोज शेजारणी नव्या आणि फिल्म तीच; पाठवणं थांबलं ते थांबलंच. मी आतून टकटक करत होते, बहीणभाऊ दोघंही ऐकत होते, आणि कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. मला राग आला होता, पण पेटीचा राग कोण विचारतो? चौथ्या दिवशी फिल्म चालू असतानाच माझी डिस्क बंद पडली.

दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं आणि मान हलवली. "बाहेर पाठवायच्या आधी तारेने शेजारच्या डिस्कवर नक्कल का नाही घेतलीत? एका दुपारचं काम होतं." नबुकेन्याला ते सुचलंच नव्हतं.

पोचलेले आठ तुकडे तिने फोनवर परत उतरवले आणि सेंगांसमोर धरले. आठव्याच्या शेवटी जाजा म्हणतात, "मग मला मुलगी झाली. तिचं नाव मी असं का ठेवलं, तर त्या दिवशी..." तिथे तुकडा संपतो.

"पुढचा लाव," सेंगा म्हणाल्या.

"पुढचा पोचलाच नाही, सेंगा. तुम्ही आलात तेव्हा तोच चालला होता."

सेंगांनी फोन हातात घेतला. "माझं नाव असं का, ते मला कधी कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तू बोलायचं होतंस, पोरी. मी फिल्म मागितलीच नसती."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या पेटीची टकटक ऐकू आली, तर लांबच्या वाटेवर विसंबू नका. आधी तिच्या शेजारी दुसरी ठेवा, तार जोडा. आणि घरी पाहुणा आला, कितीही मानाचा असला, तरी त्याला खरं काय ते सांगा.