सात आणि दोन

हिम्मतरावांनी शिट्टी वाजवली, गुणलेखकाच्या टेबलाकडे वळून दोन्ही हात वर केले आणि निशिगंधाने बोटं मोजली. सात. फाउल नऊ नंबरच्या मुलीने केला होता.

"सात नंबर, पहिला," वहीवर वाकलेले केशवराव म्हणाले.

निशिगंधा धावत टेबलापाशी गेली. "नऊ, केशवराव."

"मग त्यांना नऊ दाखवायला सांग. मला बोटं दिसतात, मनातलं नाही," म्हणत त्यांनी सात खोडून नऊ लिहिलं.

वर्षापूर्वी कारखान्यात नव्याने आलेल्या जर्मन प्रेसने हिम्मतरावांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं होतं. त्यानंतरचा हा पहिला सामना. नल्लकुंट्याच्या शाळेत, चौदा वर्षांखालच्या मुलींच्या बास्केटबॉलचा. मुख्य पंच म्हणून संघटनेचा फॉर्म निशिगंधाच्या खिशात होता. 'संकेत' या रकान्यात 'स्पष्ट' किंवा 'अस्पष्ट' लिहायचं. 'अस्पष्ट' लिहिलं की हिम्मतरावांची शिट्टी कायमची बंद. शिट्टी दातांत कशी धरायची, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

मध्यंतरात तिने त्यांना पाण्याची बाटली दिली.

"काका, नऊ एकाच हाताने दाखवा. आधी पाच, मग चार."

"नऊच दाखवले की मी."

"सात दिसले."

त्यांनी डावा हात समोर धरला. "ती दोन बोटं वर गेलेली मला अजून जाणवतात, बेटा. आत्तासुद्धा."

"सरळ, की वाकलेली?" तिने विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

हिम्मतराव हसले. "सरळ. एमएस्सीत हेच शिकवतात का गं?"

उत्तरार्धात त्यांनी आधी पाच दाखवले, मग चार.

"पाच की चार? एक काय ते ठरवा!" केशवराव ओरडले. "केबलवर अमेरिकेचे पंच बघा जरा."

भिंतीवर बसलेल्या पालकांपैकी कुणीतरी म्हणालं, "क्या साब, गिनती भूल गए क्या?"

हशा पिकला. हिम्मतरावांनी रुमालाने मान पुसली. त्यानंतर त्यांची शिट्टी प्रत्येक वेळी जरा उशिरा वाजू लागली.

शेवटचं मिनिट. नल्लकुंट्याच्या मुली एका गुणाने पुढे. बास्केटखाली गर्दी झाली, एक मुलगी पडली आणि हिम्मतरावांची शिट्टी वाजली. या वेळी लगेच, पूर्वीसारखी. घाईत दोन्ही हात एकदम वर गेले.

"सात नंबर, पहिला," केशवरावांनी लिहिलं.

हिम्मतराव बॉल घ्यायला वळलेही. निशिगंधाला बास्केटखाली फक्त पाठी दिसल्या होत्या. सात, की नऊ? नल्लकुंट्याच्या नऊ नंबरच्या वैशालीचे चार फाउल झाले होते. पाचवा झाला की ती बाहेर. विचारायचं तर सगळ्यांसमोर विचारावं लागणार होतं, आणि मग फॉर्मवर काय लिहायचं हा प्रश्नच उरला नसता. निशिगंधाने शिट्टी ओठांत धरली.

तेवढ्यात वैशाली हिम्मतरावांपाशी गेली.

"सर, पुन्हा दाखवा ना."

ते गोंधळले. मग त्यांनी हात वर केले. वैशाली त्यांच्या डावीकडे सरकली, टाचा उंचावल्या आणि जिथे बोटं नव्हती तिथे आपली दोन बोटं धरली.

केशवरावांनी पेनाच्या टोकाने हवेत मोजलं. "नऊ," ते हळूच म्हणाले. "पाचवा."

"वैशाली, पागल हुई क्या?" तिचे कोच उठून उभे राहिले.

"मीच ढकललं ना सर," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. हिम्मतरावांचे हात अजून वरच होते.

वीस सेकंद उरले असताना पुन्हा शिट्टी वाजली. आता फाउल दुसऱ्या संघाच्या दहा नंबरचा होता. हिम्मतराव टेबलाकडे वळले, तेव्हा ती मुलगी त्यांच्या डाव्या हाताशी येऊन उभी होती, दोन बोटं तयार ठेवून. निशिगंधाने मोजली. दहा.

सामना संपल्यावर तिने खिशातून फॉर्म काढला. 'संकेत'पुढे लिहिलं, 'स्पष्ट'. कसे, तेही लिहावं असं तिला वाटलं; पण रकान्यात तेवढी जागा नव्हती.