न दिसणारं फाटक

मी बोलतोय. तिकडे नाही, इकडे बघा. कुंपणाच्या फळ्यांवर जिथे रंगीत डबे टांगलेत ना, तिथेच मी आहे. मी एक फाटक आहे. चटकन दिसलो नाही, यात तुमची काही चूक नाही. दिसू नये म्हणूनच मला घडवलं होतं.

जन्माने मी पलंग. घरातला मुलगा शिकूनसवरून दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि त्याचा पलंग मागच्या खोलीत भिंतीला टेकून धूळ खात राहिला. त्या वर्षी थंडी सरली, झाडांना कोवळी पालवी फुटली, आणि काकांनी मला उन्हात ओढून आणलं. स्क्रू काढून फळी न् फळी सुटी केली, पॉलिश पेपरने घासली आणि म्हणाले, "चला, तुम्हाला आता कामाला लावतो."

त्यांना सगळी गल्ली लिफ्टवाले काका म्हणायची. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतली माणसं ओरडायची आणि काका बाहेरून सांगायचे, "घाबरू नका, उघडतोच आहे." काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दोघंही निवृत्त झाली, आणि काकूंना विसरायला होऊ लागलं. आधी गॅसवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपला मुलगा शाळेत आहे की नोकरीत, हेही.

एके दुपारी "उशीर होतोय" म्हणत त्या घरातून निघाल्या. काका गावभर शोधत फिरले. काकू सापडल्या त्यांच्या जुन्या ऑफिसच्या जागेवर. तिथे आता चपलांचं दुकान आहे. दुकानदाराच्या खुर्चीत बसून त्या त्यालाच दटावत होत्या, "माझा हेडफोन कुणी उचलला?"

रात्री मुलाचा फोन आला. "बाबा, आता हट्ट सोडा. आईला एखाद्या देखभाल केंद्रात ठेवू. तुमच्याने एकट्याने निभणार नाही."

"आधी मला बाग करू दे," काका म्हणाले.

"हे बागेचं काय मध्येच?"

"तिला फिरायला जागा लागते. बाहेरची देता येत नाही, तर आतली देतो."

असं ते वसंतातलं काम सुरू झालं. काकांनी जुन्या विटा मातीत बसवून एक गोल पायवाट केली. कुठूनही निघा, फिरून घराच्या पायरीशीच याल. काकूंना वाकता येत नव्हतं म्हणून कमरेला लागेल इतका उंच वाफा बांधला. तेलाच्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांना रंग दिला. काका खिळ्याने बुडाला भोकं पाडायचे, काकू माती भरायच्या. मधूनच भरलेला डबा त्या नीट उपडा करून ठेवायच्या, जणू घासून पालथं घातलेलं भांडं. काका तो सुलटा करून पुन्हा भरायचे. एकदा मात्र त्यांना हसू आवरेना. "अगं, अशाने तुझं प्रमोशन व्हायचं नाही हं!" काकूही हसल्या. कशाला, ते त्यांना माहीत नसावं, पण मनापासून हसल्या.

सगळ्यात शेवटी माझी पाळी आली.

गल्लीकडच्या कुंपणात आधी नुसतीच मोकळी जागा होती. तिथे मला बसवलं. कुंपण खांद्याएवढं, मीही तेवढाच. कुंपणाला जो हिरवा रंग, तोच मला, म्हणजे फळी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो ते कळू नये. वर डबे टांगले. कडी बाहेरच्या अंगाला, पार खाली, गवताच्या आड. आतून उघडायचं तर एका डब्यामागची बारीक तार ओढायची. ती तार एकट्या काकांना ठाऊक. फाटकाचा जन्म मिळाला, आणि मी फाटक आहे हेच लपवण्यात काकांची सगळी कारागिरी खर्ची पडली.

दुसऱ्याच दिवशी काकू आल्या. माझ्या अंगावरून तळहात फिरवत राहिल्या. "अहो, इथून बाहेर जाता यायचं ना?"

"नाही गं. हे कुंपण आहे."

"असं?" त्या म्हणाल्या. त्यांनी विश्वास ठेवला. काका पाठ फिरवून उगाचच वाफ्यातली माती उकरत बसले.

त्या रोज यायच्या. गल्लीतून कुणी गेलं की बोलायच्या. "कोणता नंबर हवाय? थांबा हं, जोडून देते." पार्सलवाला रोज हसायचा आणि म्हणायचा, "राहू द्या काकू, माझी लाइन नेहमीच बिझी!" समोरच्या खिडकीत शिवणाचं मशीन घेऊन बसणाऱ्या ताई मात्र न हसता उत्तर द्यायच्या. काकूंचे ब्लाउज त्याच शिवायच्या.

मग तो दिवस आला. काकांना मोगऱ्याच्या वेलीसाठी तारेचा मांडव करायचा होता. स्टुलावर चढून ते तार ताणत होते. काकू खाली तारेची गुंडाळी धरून उभ्या. स्टुलाचा एक पाय विटेवरून घसरला. काका वाफ्याच्या आड कमरेवर पडले आणि डोकं त्याच्या कडेवर आपटलं. त्यांचा मोबाइल स्वयंपाकघरात, घराच्या पुढच्या दाराला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

"अहो, उठा की," काकू म्हणाल्या. "अहो?"

काका उठले नाहीत. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि लगबगीने माझ्याकडे निघाल्या. त्यांना मदत हवी होती, ते त्यांच्या पावलांत दिसत होतं. पण गोल वाटेच्या अर्ध्यावर पावलं मंदावली. माझ्यापाशी पोचेपर्यंत आपण का आलो तेच त्यांना आठवेना. डब्यातल्या झेंडूचं एक सुकलं पान त्यांनी खुडलं आणि वाटेने परत फिरल्या. तिथे काका दिसले. पुन्हा घाबरून धावल्या. पुन्हा माझ्यापाशी येऊन थांबल्या.

असं किती वेळा झालं कोण जाणे. तार त्यांच्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हती. मला जोर लावता आला असता तर बिजागऱ्यांसकट निखळून पडलो असतो. पण काकांनी मला पक्कं बसवलं होतं. अडकलेली दारं उघडणाऱ्या माणसाला, न उघडणारं दार कसं करायचं ते बरोबर माहीत असतं.

पार्सलवाला आला. काकू त्याला म्हणाल्या, "हे बघा, लाइन लागत नाहीये."

"काकू, सांगितलं ना, बिझी असते!" तो हसत पुढे गेला.

"बिझी नाही हो," त्या त्याच्या पाठीला म्हणाल्या. "पलीकडून कुणी बोलतच नाहीये."

पुढच्या फेरीत त्या काकांजवळ खाली बसल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत काकांचा चष्मा होता, एक काच फुटलेली. का आणला ते त्यांनाही माहीत नसेल, पण हातात काही धरलेलं असलं की त्या सोडत नसत. काचेने तळवा कापला होता. समोरचं मशीन थांबलं.

"काकू, हाताला काय लागलं?" ताई रस्ता ओलांडून आल्या. "हा काकांचा चष्मा ना? काका कुठेत?"

"मी किती वेळ लावतेय," काकू रडवेल्या झाल्या. "उत्तरच देत नाहीत."

ताईंनी टाचा उंचावून आत पाहिलं आणि किंचाळल्या. मग त्यांनी मला शोधायला सुरुवात केली. फळ्या चाचपल्या, डबे ओढले. "कडी कुठाय? अहो, या कुंपणाला फाटक तरी आहे की नाही?" आहे हो, मी आहे, तुमच्या पायाशी कडी आहे. पण हे सांगायला मला तोंड नव्हतं. पार्सलवाला आवाज ऐकून परतला. त्याने खांदा लावला, ताईंनी लाथ घातली. दोन धक्क्यांत माझी वरची बिजागरी उपटून निघाली आणि मी मोडलो. तुटताना एवढं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

काका वाचले. कमरेचं ऑपरेशन झालं. मुलगा आला, आणि या वेळी काकांनी वाद घातला नाही. दोघांचं सामान भरून झाल्यावर ते वॉकर टेकत बागेत आले. माझ्या मोडक्या फळीवर हात ठेवून ताईंना म्हणाले, "ती जाऊ नये एवढंच बघितलं मी. कुणी आत कसं यावं, ते डोक्यातच आलं नाही."

काकूंनी तेवढ्यात मला ढकललं. मी लटकतच उघडलो. त्या एकट्या बाहेर गल्लीत गेल्या. मुलगा धावणार, तोच त्या वळल्या आणि मला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. "या हो, सावकाश या," त्या काकांना म्हणाल्या. "मी धरलंय."

काका आले. गाडी गेली. दोघांना एकत्र ठेवलंय की वेगवेगळं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. फाटकाला कोण सांगणार?

आता वाफ्यात गवत माजलंय. घरात भाडेकरू येणार आहेत आणि माझ्या जागी लोखंडी गेट बसणार आहे, असं ऐकतो. तोवर एक मागणं आहे. घरातलं माणूस वाट चुकू नये म्हणून दार बंद करावं लागत असेल, तर करा, त्यात पाप नाही. पण कडी कुठे आहे ते समोरच्या एका माणसाला तरी सांगून ठेवा. आम्हा फाटकांवर विसंबू नका. मला सध्या एका दोरीने खांबाला बांधून ठेवलंय, आणि ती गाठसुद्धा माझी मला सोडता येत नाही.