कंदाची पाठ

आयरिसची फुलं लावणाऱ्यांच्या मंडळाचं वार्तापत्र अवघं दोन पानांचं, पण ते लिहिणाऱ्या निवृत्त घड्याळजींना सगळे ‘संपादक’ म्हणत, आणि तेही त्या नावाला चटकन ओ देत. कुणाचा पिवळा यंदा लवकर फुलला, कुणाच्या वाफ्यात गोगलगायी माजल्या, मंडळाच्या खजिनदारबाईंनी कुणाशी अबोला धरला, सगळं त्यात यायचं. हिवाळ्याआधी एक सूचना मात्र ठरलेली: कंद मातीत गाडू नका, त्याची पाठ उघडी ठेवा. पाठीला ऊन लागलं नाही, तर फूल विसरा.

आणि याच गृहस्थांनी, बायको गेली त्या हिवाळ्यात, तिच्या आयरिसवर घमेलंभर खत पसरलं. कळत नव्हतं असं नाही. पण गारठा मी म्हणत होता आणि तिचं रोप असं उघड्यावर पडलेलं त्यांना बघवेना. थंडी सरल्यावर खत बाजूला केलं, तर कंद बोटाखाली पिचकला. ती जात तिने स्वतः दोन फुलांचं परागण करून तयार केली होती. नाव ठेवायचंही राहून गेलं होतं. आता तिचा एकच तुकडा जगात उरला होता, लेक परगावी राहायला गेली तेव्हा आईने बांधून दिलेला.

हे त्यांनी लेकीला सांगितलंच नाही. “तुमच्याकडचं काय म्हणतंय?” असं तिने विचारलं की “बरं आहे,” म्हणून वेळ मारून न्यायचे. तिच्याकडे जाणंही टाळायचे. समोरासमोर खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं. ते फूल पुन्हा एकदा बघायला मिळावं म्हणून जीव तुटायचा, आणि ही गोष्ट बोलायला घरात कुणी नव्हतं.

एके दिवशी लेकीचाच फोन आला. “बाबा, आईचं ते रोप मी काढून टाकते. इतकी वर्षं नुसती पानंच पानं. तिथे टोमॅटो लावीन म्हणते. तुमच्याकडे आहेच की.”

संपादकांच्या तोंडचं पाणी पळालं. “माझ्याकडे नाही,” ते म्हणाले. “माझ्या हातूनच मेलं.”

“कसं?”

“खताखाली गाडलं. गारठेल म्हणून.”

पलीकडून बारीक आवाजात, “म्हणजे… गाडायचं नसतं?”

“तू गाडलंयस?”

“चांगलं वीतभर. आईचं होतं ना, बाबा.”

त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरले. लेकीच्या अंगणातली माती रेताड, पाणी ठरत नव्हतं, म्हणूनच कंद तगला होता. “कुदळ लावू नकोस,” ते म्हणाले. “हाताने माती बाजूला कर. मी थांबतो.” आणि पाठ दिसली असं ती सांगेपर्यंत फोन कानाला धरून बसले.

पुढचा हिवाळा दोघांनाही जड गेला. “निदान एक पोतं टाकू का?” ती विचारायची. “हात लावशील तर बघ!” ते दरडावायचे, आणि फोन ठेवला की खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

वसंतात फोन वाजला. “बाबा, उमललं! फोटो पाठवते.”

“नको. फोटोत जांभळा खोटा येतो.”

“मग या ना,” लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. “किती वाट बघायची मी?”

“दांड्यावर अजून कळ्या आहेत?”

“दोन.”

“मग पोचतो.”

वाटेत त्यांनी अर्धंमुर्धं वार्तापत्र खजिनदारबाईंच्या हातात ठेवलं. “उरलेलं तुम्ही लिहा. मी फूल बघायला चाललोय.”

“कुणाचं?” बाईंनी संशयाने विचारलं.

“बायकोचं. लेकीकडे आहे.”

“आणि तुमच्याकडचं हो?”

संपादकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सगळं सांगून टाकलं. बाई एरवी कुणाचं पुरतं ऐकून घेत नसत, पण आज ऐकलं. फाटकापर्यंत सोडायला आल्या.

“येताना एक नाही, दोन तुकडे आणा,” त्या म्हणाल्या. “एक माझ्या वाफ्यात राहील. तुमच्या मायेचा काही भरवसा नाही.”