कॅनडाच्या राजाची गारखेड्यातली प्रजा

मेघाताईला कॅनडाचं नागरिकत्व मिळणार होतं, फक्त एक शपथ बाकी होती. तिकडच्या राजाशी, त्याच्या वारसांशी आणि वारसांच्या वारसांशी निष्ठेनं वागेन, अशी. ताईनं फोनवर सांगून टाकलं, "आजोबा व्हय म्हणले तरच घेईन."

आमचे आजोबा धोंडिबा, एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. सात वर्षांचे असताना वडिलांचं बोट धरून त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि आजतागायत पाळल्या. उठसूट शपथा घेणारा माणूस आणि बिनातिकीट प्रवासी यांच्यात ते फरक करत नाहीत.

"राजा राहतो कुठं?" त्यांनी ताईला विचारलं.

"लंडनला."

"मग कॅनडात काय करतो?"

"नाण्यावर असतो."

"निवडून आला का?"

"नाही आजोबा. जन्मला."

आजोबांनी चष्मा काढला. "जन्मानंच मोठा. असे लई बघितले आम्ही."

मग मी इतिहास सांगितला. गोरे बोटीतून तिथं जाऊन वसले, आधीच्या लोकांच्या जमिनी घेतल्या. पुढं स्वतःचा झेंडा केला, स्वतःची घटना केली. राजा तेवढा जुनाच ठेवला.

"का?"

"काढायचा तर दहाच्या दहा प्रांतांचं एकमत लागतं."

हे त्यांना लगेच पटलं. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टवर आठ घरांचं एकमत अकरा वर्षं झालेलं नाही.

"अन् आधीच्या लोकांचं काय?"

"त्यांचे हक्क मानायचे, असंही आता शपथेत आहे," ताई म्हणाली.

"राजाच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"हं," आजोबा म्हणाले. "माझी नात कुणाची प्रजा होणार नाय."

आजी केसरबाई आतून ओरडल्या, "पोरगी पाच वर्षं तिथल्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढतीय, अन् तुम्ही राजाची कुंडली मांडत बसा!"

"शपथेशिवाय तिथं मत देता येत नाही, आजोबा," ताई हळूच म्हणाली.

आजोबांनी वयात आल्यापासून एकही मतदान चुकवलेलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घे. पण मान खाली घालायची नाय. अन् मी समोर बसून बघणार."

शपथविधी ऑनलाइन होता. तिकडं सकाळ, इकडं संध्याकाळचे साडेसात. ताईनं ती आणि लॅपटॉपचा स्क्रीन दोन्ही दिसतील असा फोन बाजूला उभा करून आम्हाला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही तो टीव्हीवर घेतला. समोर आम्ही अकरा जण, पांढऱ्या कपड्यांत. त्यात खालच्या मजल्यावरच्या रत्नमालामावशीही होत्या. त्या कुकर परत द्यायला आल्या होत्या.

अधिकारी बाई म्हणाल्या, "उजवा हात वर करा आणि माझ्यामागे म्हणा."

आता आमच्याकडं बारसं असो, लग्न असो, गृहप्रवेश असो, भंतेजी एक ओळ म्हणून थांबतात आणि सगळं घर ती मागे म्हणतं. अंगवळणी पडलेलं. बाई थांबल्या की आम्ही म्हणायचो. इंग्रजी संपलं, तेव्हा त्यांनी तीच शपथ फ्रेंचमध्ये सुरू केली. आम्ही तीही म्हटली. केसरबाईंचं फ्रेंच तर खणखणीत होतं.

आमच्या भागावर इंग्रजांचं थेट राज्य कधीच नव्हतं, मधे निजाम होता. जे त्यांना तोफा घेऊन करावंसं वाटलं नाही, ते सात वाजून चाळीस मिनिटांनी आपोआप झालं.

बाई थांबल्या. "हा कोरस कुठून येतोय?"

"गारखेड्याहून," ताई म्हणाली. "घरचे आहेत."

"तुम्हाला एकटीनं परत घ्यावी लागेल."

आजोबांचा हात अजून वरच होता. "प्रणय," ते मला म्हणाले, "मी आत्ता काय म्हणलो?"

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग उठले. "बाईला सांग, आधी माझी शपथ सोडव. तोवर पोरीची होणार नाय."

मी सांगितलं. बाई हसल्या. "तुमची मोजलीच जात नाही, सर. तुम्ही कॅनडात नाही."

"मोजली जात नाय म्हणजे? तोंडानं म्हणलोय मी! सोडवा म्हणावं."

स्क्रीनवर त्रेसष्ट माणसं उजवा हात वर करून ताटकळत होती. ताईनं डोळे मिटून घेतले होते. बाईंनी त्या त्रेसष्ट हातांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि शेवटी स्वतःचा हात वर केला. "कॅनडाच्या राजाचा श्री. धोंडिबा यांच्यावर कोणताही हक्क नाही."

"अन् माझ्यावर?" केसरबाईंनी विचारलं.

मग एकेकाचं नाव घेऊन नऊ जणांना सोडवण्यात आलं.

"माझं राहू द्या," रत्नमालामावशी म्हणाल्या. "तिकडं कुणी ओळखीचं असलेलं बरं."

ताईनं परत शपथ घेतली. आजोबांनी ओठ असे दाबून धरले होते की मिशी दिसेना. ताईची मान ताठ होती. संपल्यावर ती फोनकडं वळली.

"झालं, आजोबा."

"आता मत देणार?"

"व्हय."

"कुणाला?"

"ते सांगायचं नसतं, आजोबा."

आजोबा आमच्याकडं वळले. "बघा," ते म्हणाले, "पोरगी कुणाची प्रजा नाय."