झालं का सगळ्यांचं?

थोरलीने हॉटेलच्या पडद्याची कड उलटून पाहिली. शिवण सरळ, दोरा कापडाच्याच रंगाचा, आणि पडदा नीट पडावा म्हणून कडेच्या आत बारीक वजनं घातलेली. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. लोकांच्या पँटी आखूड आणि शर्ट सैल करून देण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला तेवढंच बघायचं सुचत होतं.

"अगं, सोड तो पडदा. जाऊ दे त्याला."

नवऱ्याने पलंगाजवळचं बटण दाबलं आणि पडदा आपोआप बाजूला सरकला. हे बटण सापडल्यापासून त्याला दुसरं काही गोड लागत नव्हतं. बाहेर काचेचे मनोरे चमचमत होते. त्यांच्या पायाशी निळीशार तळी होती आणि पलीकडे वाळू, थेट आभाळाला टेकलेली.

"वाळूत काय काय उभं केलंय बघ लोकांनी! आपल्या जिन्यातला दिवा गेला तर वर्षभर अंधारात चाचपडतो आपण."

थोरली हसली नाही. तिचं लक्ष उशीवर ठेवलेल्या फोनकडे होतं. काल सकाळी इथे पोचल्यापासून ती एका फोनची वाट बघत होती आणि तो येत नव्हता.

ही सहल धाकट्या बहिणीने दिली होती. थोरलीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून धाकटी दूरच्या शहरातल्या नोकरीतून रजा काढून आली आणि तिकिटंच हातात ठेवली. "चार दिवस जाऊन या दोघं. आईला मी बघते." आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून थोरली घराबाहेर रात्रभर राहिली नव्हती. आईची उजवी बाजू गेली होती, बोलणं जवळजवळ गेलं होतं, राहिले होते ते दोनचार शब्द आणि डोळे. थोरलीने आढेवेढे घेतले. तेव्हा धाकटी सहज म्हणाली, "ताई, इतकं काय त्यात? वेळेवर औषध द्यायचं आणि भरवायचं. रॉकेट उडवायचंय का?"

ते थोरलीच्या मनाला लागलं. धाकटी वर्षातून दोनदा यायची, आईला नवा गाऊन आणायची, तिचे केस विंचरायची, आणि शेजारपाजारचे म्हणायचे, लेक असावी तर अशी. रोज उठून जी आईची चादर बदलायची तिला कुणी लेकसुद्धा म्हणत नव्हतं. ती आपली असायचीच.

निघायच्या दिवशी थोरलीने धाकटीला सगळं दाखवलं. कुठली गोळी कुटून द्यायची, पाठीखाली उशी कशी तिरकी लावायची, दुपारी खिडकीची कुठली झडप लावली की डोळ्यांवर ऊन येत नाही. एक गोष्ट तेवढी राहिली. राहिली कसली, अगदी ओठांवर आली होती, ती तिने परत आत ढकलली.

ती गोष्ट अशी. आईने उभा जन्म एका कारखान्याच्या कँटीनचं स्वयंपाकघर सांभाळण्यात घालवला होता. वाढपाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ती रोज विचारायची, "झालं का सगळ्यांचं?" शेवटचा कामगार हात धुवायला उठला की मगच स्वतःचं ताट घ्यायची. घरीही तीच तऱ्हा. मुली जेवल्याशिवाय तिने कधी घास उचलला नाही. झटक्याने आईचं पुष्कळ काही नेलं, पण हे नाही नेलं. चमचा पुढे आला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. डॉक्टर झाले, नर्स झाल्या, सगळ्यांनी हात टेकले. शेवटी एकदा वैतागून थोरलीने तोच चमचा स्वतःच्या तोंडात घातला, आणि आईने आपणहून तोंड उघडलं. तेव्हापासून पहिला घास थोरलीचा. तिने गिळलेला दिसला की मग आई जेवायची.

एवढंच सांगायचं होतं. पण थोरलीला वाटलं, कळू दे जरा. एक वेळ अडू दे. मग फोन येईल, "ताई, तू कसं भरवतेस गं?" आणि मग आपण सांगू. एका जेवणाचा तर प्रश्न.

फोन आला होता, पण भलताच. काल दुपारी धाकटी म्हणाली, "जेवली. छान जेवली." रात्री, "सगळं संपवलं. तू मजा कर." आज सकाळीही तेच.

थोरलीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही.  मला इतके दिवस लागले ते हिला पहिल्याच चमच्याला जमलं? ह्या विचाराची तिला लाज वाटली. आई जेवली म्हणून वाईट वाटणारी लेक! खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे न खाताच खवखवत होतं. कालपासून तिच्या घशाखाली धड काही उतरलं नव्हतं.

दुपारी नवरा तिला एका मनोऱ्याच्या पायथ्याशी जेवायला घेऊन गेला. समोर मोठं तळं होतं आणि त्यातली कारंजी गाण्याच्या तालावर उसळत होती. पांढऱ्या हातमोज्यांतल्या वाढप्याने ताटल्या आणून ठेवल्या. एवढ्या मोठ्या ताटलीच्या मधोमध मूठभर पदार्थ, त्यावर सोन्याचा वर्ख.

"सोनं खायचंय आज," नवरा म्हणाला. "दागिना नाही केला कधी तुला, निदान पोटात तरी जाऊ दे."

थोरलीने काटा उचलला आणि खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"कालपासून चिमणीसारखं टिपतेयस. आई बरी आहे ना? धाकटी म्हणतेय ना जेवतेय म्हणून?"

"म्हणतेय," थोरली म्हणाली, आणि तिने फोन उचलून व्हिडिओ कॉल लावला.

बराच वेळ वाजल्यावर धाकटीने घेतला. तिचे केस विस्कटलेले होते, आवाज बसलेला.

"अय्या, मागे कारंजी का गं? दाखव ना."

"आई कुठंय?"

"आहे की. आत्ताच जेवली. पडलीये."

"दाखव."

"ताई, नेट नीट नाहीये इथे..."

धाकटीने फोन वळवला तो नको तितका वळला. क्षणभर खिडकी दिसली. चुकीची झडप लावलेली, म्हणून ऊन आत आलेलं. खिडकीत वाटी होती, काठोकाठ सुपाने भरलेली, आणि सुपावर जाड साय धरली होती. मग आई दिसली. आईचे ओठ पांढरे पडून फुटले होते. थोरलीने स्वतः मापाला बसवलेला गाऊन खांद्यावरून उतरत होता.

"ती जेवली नाहीये," थोरली म्हणाली.

धाकटीने फोन परत स्वतःकडे वळवला.

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून." धाकटीचा आवाज फुटला. "ओठांना पाणी लावते, तेवढं चोखते. दूध एकदा गेलं थोडं. काय नाही केलं मी, ताई! गाणी म्हटली, हातापाया पडले, काल तर ओरडलेही तिच्यावर. डॉक्टर म्हणाले संध्याकाळी सलाईन लावू. तुला सांगितलं असतं तर तू पुढच्या विमानाने परत आली असतीस. इतक्या वर्षांनी कुठे बाहेर पडलीस."

समोर कारंजं मनोऱ्याच्या अर्ध्यापर्यंत उडालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीला वाटलं, ह्या टाळ्या बंद होईपर्यंत आपण गप्प बसावं. पण त्या लगेच बंद झाल्या.

"आधी तू खा," ती म्हणाली.

"काय?"

"पहिला घास तू खायचा. तिच्या डोळ्यांसमोर. गिळलेला दिसला पाहिजे. मग ती तोंड उघडते."

 नवऱ्यानेही काटा खाली ठेवला.

"हे तुला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"हो."

"गडबडीत राहिलं असेल सांगायचं," धाकटी हळूच म्हणाली.

ते बोट धरून थोरलीला सहज निसटता आलं असतं.

"नाही गं," ती म्हणाली. "राहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही."

 धाकटीने फोन औषधांच्या डब्याला टेकवून उभा केला. वाटी घेऊन ती आत गेली, ताजं सूप गरम करून आणलं. आईजवळ बसली, चमचा भरला, स्वतःच्या तोंडात घातला आणि गिळला. मग दुसरा भरून आईच्या ओठांशी नेला.

आईने तोंड उघडलं नाही.

धाकटीने पुन्हा एक चमचा खाल्ला. आईने तिच्याकडे पाहिलं, मग मान हळूहळू वळवून फोनकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. आधी नुसता वारा आला, मग घोगरा, तुटका आवाज.

"झालं... का..."

"काय म्हणतेय? ताई, काय म्हणतेय ती? मी तर खाल्लं!"

थोरलीला पुढचा शब्द ऐकायची गरज नव्हती. तो तिने लहानपणापासून वाढपाच्या त्या खिडकीखाली उभं राहून ऐकला होता. तिने समोरच्या ताटलीकडे पाहिलं. वर्ख तसाच होता. आपण इथे उपाशी बसून स्वतःला शिक्षा करतोय असं तिला कालपासून वाटत होतं. ती शिक्षा कुणाच्या वाट्याला गेली ते आता समोर दिसत होतं.

तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"माझ्यासमोर धरा. सरळ. तोंड दिसलं पाहिजे."

काट्यावर मोठा घास घेऊन तिने तोंडात घातला. तो तोंडातच फिरत राहिला. बाजूच्या टेबलावरचे लोक बघू लागले. तिने डोळे मिटून तो उतरवला, आणि लहान मुलं दाखवतात तसं रिकामं तोंड आ करून फोनसमोर धरलं.

आई बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग तिचे फुटलेले ओठ हळूच विलग झाले आणि धाकटीने चमचा आत सारला. आईच्या गळ्याची कातडी वरखाली झाली.

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने रुमालासाठी हात पुढे केला.

"ताई," धाकटीचा आवाज आला. तिने मान वर केली नव्हती, ती दुसरा चमचा भरत होती. "रडायचं मग बघू. तू खात राहा. ती बघतेय."