पहिल्या नंबराला दोन हजर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही तर नुसती एक जुनी, राखाडी केबल. बरोबर आहे. मी केबलच आहे, आणि जुनीही आहे. पण विजेची नाही हं! विजेच्या केबली जाडजूड, मी आपली करंगळीएवढी. माझ्या पोटात एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा आहेत आणि त्यांतून जातं ते यंत्रांचं बोलणं. या साबणाच्या कारखान्यात सोळा वर्षं मी हेच करते आहे. तरी परवा जे झालं ते मला अजून धड उमगलेलं नाही, तेव्हा सांगताना अडखळले तर सांभाळून घ्या.

मला इथे अंथरलं ते मामांनी. ते इथले जुने वायरमन. त्यांची सख्खी भाची अलीकडेच मीटरदुरुस्तीच्या कामाला लागली, तेव्हापासून सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामांनी मला छताजवळच्या पत्र्याच्या ट्रेमधून नेलं, मोटारीच्या तारांपासून हातभर लांब. "त्यांच्या शेजारी हिला झोपवू नका रे, हिचं डोकं फिरवतील त्या," असं ते सोबत्यांना बजावायचे. प्रत्येक जोड त्यांनी स्वतः ओढून पाहिला होता.

माझं काम म्हणजे हजेरी. मुख्य पॅनेलमध्ये एक कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांवर लक्ष ठेवणारं यंत्र, बसलेला असतो. तो शाळेतल्या बाईंसारखे नंबर पुकारतो. "एक!" म्हटलं की पहिल्या टाकीचं मीटर आपलं तापमान सांगतं, "दोन!" म्हटलं की दुसऱ्या टाकीचं. असे नऊ जण. ज्याचा नंबर त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी मूग गिळून गप्प बसायचं. या शिस्तीला साहेबलोक प्रोटोकॉल म्हणतात. पाहुणे आले की साहेब त्यांना पडद्यावरचे आकडे दाखवायचे आणि पाहुणे "वा! वा!" करायचे. ते आकडे येतात कुठून, म्हणून कुणी कधी मान वर करून ट्रेकडे पाहिलं नाही. असो, त्याचं मला काही नाही.

तर सोमवारी सातव्या टाकीचं मीटर बंद पडलं. भाचीने स्टोअरमधून नवं आणलं, बसवलं आणि ती जेवायला गेली. इकडे माझं डोकं चक्रावलं! कंट्रोलरने "एक!" म्हटलं आणि माझ्या पोटात दोन आवाज एकदम उठले. एक म्हणतो ऐंशी अंश, दुसरा म्हणतो पंचेचाळीस, आणि दोघांचा मिळून नुसता गलका. "सात!" म्हटलं तर सगळं चिडीचूप. अगंबाई, हे काय? पहिला नंबर तर एकाचाच! पुन्हा ऐकलं, पुन्हा दोघं. मग वाटलं, आपलंच वय झालं. कुठेतरी अंग चिरलं असेल, ओल शिरली असेल, भास होत असतील.

पडद्यावरचे आकडे वेडेवाकडे झाले. पहिली टाकी किती तापली ते कळेना, म्हणून वाफ बंद करावी लागली आणि साबण नळ्यांतच घट्ट झाला. कामगार छिन्नी घेऊन तो फोडत बसले. भाची म्हणाली, "साहेब, मीटर तर नवंकोरं आहे. केबलच गेली असणार."

साहेब वैतागलेलेच होते. "मामा, घाईघाईत टाकली होतीत ना ही? उद्या सकाळी कापून काढा. मांडणीच चुकली होती, असं मला अहवालात लिहावं लागेल."

मामा त्याच महिन्याअखेर निवृत्त होणार होते. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. "माझ्या हातची आहे, साहेब. चुकली असेल तर लिहा."

पण दुपारभर ते माझा एकेक जोड उघडून पाहत होते. सगळे घट्ट. पुन्हा पाहिले, पुन्हा घट्ट. "असं कसं होईल? असं कसं होईल?" एवढंच पुटपुटत होते. मला बोलता आलं असतं तरी मी काय सांगणार होते? मलाच काही कळत नव्हतं, बाबांनो!

सकाळी साहेबांच्या देखत मामा शिडीवर चढले. कटरचा गार जबडा माझ्या अंगाला लागला. शिडी ट्रेला टेकलेली होती आणि भाचीने ती खालून धरली होती. एकाएकी ती ओरडली.

"मामा, थांबा! कापू नका!"

"का गं?"

"केबल चांगली आहे. चूक माझी आहे." ती एका दमात बोलत सुटली. "काल संध्याकाळी दुसरं नवं मीटर खोक्यातून काढून पाहिलं. त्याचा नंबर एक निघाला. नवी मीटरं सगळी एक नंबर घेऊनच येतात, बसवताना आपण बदलायचा असतो. मी बदललाच नाही. सातव्या टाकीवरचं मीटरही स्वतःला एक समजतंय."

"काल कळलं आणि आत्ता सांगतेस?" साहेब ओरडले.

"तीनच महिने झालेत मला लागून. वाटलं, नवी केबल पडली की त्या गडबडीत गुपचूप नंबर बदलून टाकीन. कुणाला कळलं नसतं." आणि ती रडायलाच लागली.

साहेबांनी हुकूम सोडला, "आधी नंबर बदल." तिने डोळे पुसत बटणं दाबली. कंट्रोलरने पुकारलं, "एक!" एकच आवाज आला. "सात!" पंचेचाळीस अंश, अगदी स्वच्छ. हुश्श!

"अहवालात तुझं नाव जाईल," साहेब म्हणाले. तिने मान डोलावली.

मामा मात्र शिडीवरच उभे होते. मला वाटलं, आता भाचीवर कडाडतील. पण त्यांचा आवाज अगदी बारीक निघाला. "काल तुझ्या मामीला म्हणालो गं, इतकी वर्षं मला काम येतच नव्हतं की काय."

भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मित्रांनो, काही बिघडलं की जुन्याकडे बोट दाखवणं फार सोपं असतं. त्याआधी एवढं विचारा, कालपासून काय बदललं आणि त्याला हात कुणाचा लागला? हात आपला असेल तर तेव्हाच सांगून टाका. कारण तुम्ही गप्प बसलात, तर ज्याच्यावर आळ आला तो बिचारा खरंच स्वतःला दोषी समजू लागतो. मामा तर हाडामांसाचा माणूस. मी नुसती केबल, पण मीसुद्धा मान्य करून टाकलं होतं.